गर्भपाताच्या गोळ्यांचं किट: औषधाला पैकीच्या पैकी, विक्रीला भोपळा

मेडिकलच्या काउंटरवर हे पाकीट क्वचितच त्याच्या नावानं मागितलं जातं. ‘पाळी आणायच्या गोळ्या’, ‘पाच गोळ्यांचं किट’, नाहीतर मोबाइलवरचा फोटो. कंपनीगणिक नाव बदलतं, आतला माल एकच: मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही. पाकीट, ते हातात येण्याची पद्धत आणि त्याला असलेला दवाखान्यातला पर्याय, तिन्ही पाहिले आहेत, आणि तेही एका ठरावीक गिऱ्हाइकाच्या बाजूनं: पंधरा ते एकोणीस वयाची मुलगी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात या वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाचा आकडा ६.८, म्हणजे आपण सरासरीच्याही मागे. यातल्या पुष्कळजणी लग्न झालेल्या असतात, कारण राज्यात वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. तेव्हा ‘कॉलेजातली प्रकरणं’ म्हणून हा विषय झटकून टाकता येत नाही.

आधी औषधाविषयी. मिफेप्रिस्टोन प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं काम अडवतं. गर्भपिशवीचं अस्तर सैल होतं, गर्भाचा आधार सुटतो. मग मिसोप्रोस्टॉल पिशवीला कळा आणतं आणि तिचं तोंड मऊ करून उघडतं. दोन्हींची कामं वेगळी असल्यामुळेच मध्ये वेळ ठेवावा लागतो. योग्य दिवसांत, योग्य अंतरानं घेतलं तर शंभरातल्या ९५ ते ९८ जणींना पुढे काहीही करावं लागत नाही. भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये आणि दोन्ही औषधांच्या एकत्र पाकिटाला २००८ मध्ये मान्यता मिळाली, ती ६३ दिवसांपर्यंतच्या म्हणजे नऊ आठवड्यांपर्यंतच्या गरोदरपणासाठी. इतकं साधं आणि इतकं भरवशाचं औषध स्त्रीरोगशास्त्रात फार थोडं आहे. औषधाला पैकीच्या पैकी गुण, त्याबद्दल वादच नाही.

घोळ सुरू होतो तो दिवस मोजण्यापासून. मेडिकलवाला विचारलंच तर एवढंच विचारतो, ‘किती दिवस झाले?’ मुलगी किंवा तिच्यासाठी आलेला मुलगा संबंध आला त्या दिवसापासून मोजून सांगतो. डॉक्टर मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. या दोन हिशेबांत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. ‘दोन महिने होत आलेत’ असं काउंटरवर सांगितलेली मुलगी प्रत्यक्षात नऊ आठवडे ओलांडून गेलेली असू शकते. त्यात या वयात पाळी नियमित नसते. दीड-दोन महिने पाळी न येणं हे तिच्या दृष्टीनं नेहमीचंच, म्हणून शंका येते तीच उशिरा. शिवाय दिवस गेल्यानंतर सुरुवातीला थोडा डाग दिसू शकतो आणि तो ‘पाळी येऊन गेली’ म्हणून धरला जातो. पस्तिशीच्या बाईच्या तारखेवर जितका विश्वास ठेवता येतो तितका सतरा वर्षांच्या मुलीच्या तारखेवर ठेवता येत नाही, आणि नेमकं तिलाच कुणी तपासत नाही. तीन-साडेतीन महिन्यांच्या गर्भावर नऊ आठवड्यांचं पाकीट घेतलं की गर्भपात अर्धवट राहतो, रक्तस्राव आवरत नाही आणि शेवटी रात्री ॲडमिट करावं लागतं. पाकिटात काही बिघाड नसतो. ते त्या महिन्यांसाठी बनवलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट काउंटरवर कळूच शकत नाही: गर्भ कुठे आहे. तो पिशवीऐवजी नळीत रुजला असेल तर या गोळ्या त्याला काही करत नाहीत. थोडं अंगावरून जातं, मुलीला वाटतं काम झालं, आणि नळी मात्र फुगत राहते. ती फुटली की रक्त पोटात साचतं, बाहेर फारसं दिसतच नाही. एका बाजूला पोटात तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर, घाम, चेहरा पांढराफटक. ही लक्षणं दिसली की तासांचा प्रश्न असतो. लघवीची पट्टी नळीतल्या गर्भालाही दोन रेघाच दाखवते. यासाठी सोनोग्राफी. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत पिशवीतला गर्भ साधारण साडेपाच-सहा आठवड्यांना दिसू लागतो; त्याआधी गेलात आणि काही दिसलं नाही तर डॉक्टर आठवड्याभरानं परत बोलावतात. ही टाळाटाळ नव्हे, ते दुसऱ्यांदा जाणं चुकवायचं नाही.

तिसरी, हिमोग्लोबिन. देशात पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आहे, असं वरचंच सर्वेक्षण सांगतं. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर या गोळ्या द्यायच्या नसतात, कारण नेहमीचा रक्तस्रावही तिला झेपत नाही. बोटाला सुई टोचून मिनिटभरात होणारी तपासणी आहे, काउंटरवर ती होत नाही. दमा किंवा इतर आजारासाठी बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असणं, रक्त पातळ करणारं औषध किंवा रक्त न गोठण्याचा आजार, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा आजार, पॉरफिरिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार, आत तांबी बसवलेली असणं: यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. तांबी काढून मग गोळ्या देता येतात, बाकीच्यांत बहुधा दुसरा मार्ग निवडावा लागतो.

आता पाकीट जवळून बघा. पाचही गोळ्या एकाच पत्र्यावर असतात. मिसोप्रोस्टॉलला दमटपणा अजिबात सोसत नाही; हवेतला ओलावा लागला की त्याची ताकद उतरते. म्हणून दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेला पत्रा चांगला. वरच्या बाजूनं गोळी दिसते असा पारदर्शक प्लास्टिकचा फुगा असेल तर तो ओलावा पुरता अडवत नाही, कोकणातल्या पावसाळ्यात तर नाहीच. कात्रीनं कापून दिलेल्या सुट्या गोळ्या, कोपरा दुमडलेला पत्रा, टोचा पडलेला कप्पा, खिडकीच्या उन्हात ठेवलेला माल, यांपैकी काही दिसलं तर घेऊ नये. ‘गोळ्या घेतल्या पण काहीच झालं नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हा उतरलेला माल असतो. दुर्दैवानं तक्रार करणारी मुलगी मग दुसरं पाकीट आणते.

वेळापत्रक असं. पहिल्या दिवशी दवाखान्यात, डॉक्टरांसमोर मिफेप्रिस्टोनची एक गोळी पाण्याबरोबर. तिसऱ्या दिवशी, म्हणजे ३६ ते ४८ तासांनी, मिसोप्रोस्टॉल. चारपैकी किती गोळ्या आणि कशा घ्यायच्या, जिभेखाली, गालात की योनीमार्गात, हे गर्भाच्या दिवसांवर ठरतं, म्हणून तो आकडा चिठ्ठीवर लिहून घ्यावा, ऐकलेला विसरतो. पंधराव्या दिवशी फेरतपासणी. पहिल्या गोळीनंतर फारसं काही जाणवत नाही, क्वचित डाग दिसतो. इथेच बऱ्याच मुली घाबरून उरलेल्या चारही लगेच घेऊन टाकतात. मिसोप्रोस्टॉलनंतर बहुतेकींना चार-पाच तासांत कळा येऊन अंगावरून जाऊ लागतं: पाळीपेक्षा जास्त, गुठळ्यांसकट. सोबत थंडी वाजणं, अंग कोमट होणं, जुलाब, मळमळ हेही होतं आणि काही तासांत ओसरतं. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन चालतं आणि पॅरासिटामॉलपेक्षा जास्त उपयोगी पडतं. ते औषधाचा परिणाम मारत नाही. तो दिवस घरात मोठं माणूस असेल असा निवडावा, दवाखाना तासाभराच्या आत पोहोचण्यासारखा हवा. पहिले काही तास जोराचे, मग कमी होत दहा ते तेरा दिवस डाग, हे नेहमीचं.

नेहमीचं नाही ते एवढं: मोठी दोन पॅड तासाभरात पूर्ण भिजणं आणि सलग दोन तास तसंच चालू राहणं, मिसोप्रोस्टॉल घेऊन २४ तास उलटल्यावरही किंवा त्यानंतर कधीही ३८ अंशांच्या वर ताप, घाण वास येणारा स्राव, औषधानं न थांबणारं पोटदुखणं, डोळ्यांपुढे अंधारी. आणि याच्या उलट, २४ तासांत काहीच अंगावरून न जाणं. यांतलं काहीही झालं तर १०८ ला फोन करायचा किंवा जवळच्या रुग्णालयात जायचं आणि तिथे खरं सांगायचं: कोणत्या गोळ्या, किती, कधी. पाकिटाचा रिकामा पत्रा सोबत न्यावा. अर्धवट गर्भपातावर इलाज करणं हे डॉक्टरांचं कामच आहे. ‘आपोआप झालं’ असं सांगितलं की निदानात वेळ जातो.

पंधराव्या दिवसाबद्दल पाकिटावरच्या बारीक अक्षरांतून काही कळत नाही, म्हणून सांगायला हवं. लघवीची पट्टी गर्भपात पूर्ण झाल्यावरही तीन-चार आठवडे दोन रेघा दाखवू शकते. म्हणजे आठव्या दिवशी पट्टी करून घाबरण्यात अर्थ नाही, आणि ‘भरपूर रक्त गेलं म्हणजे झालं’ हेही खरं नाही. तपासणी किंवा सोनोग्राफीच सांगू शकते. गर्भ तसाच राहिला असेल तर तो पुढे वाढवण्याचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये. मिसोप्रोस्टॉलमुळे बाळात व्यंग येऊ शकतं.

काउंटरवरचा आणखी एक गोंधळ नावांचा. संबंधानंतर घ्यायची ७२ तासांची गोळी वेगळी आणि हे किट वेगळं, पण बाजारात दोन्हींची नावं एकाच शब्दानं सुरू होणारी पाकिटं शेजारी-शेजारी असतात. ७२ तासांची गोळी म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम. ती बीज बाहेर पडणं लांबवते, रुजलेल्या गर्भाला काही करत नाही. चिठ्ठीशिवाय मिळते, आणि मिळायलाच हवी. जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. आशाताईंकडे सरकारी ‘ईझी पिल’ असते. पाळी चुकल्यावर ही गोळी घेणं म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही वाया. पट्टी मात्र पाळीची तारीख उलटल्यावर घरी करावी: सकाळची पहिली लघवी, पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब, पाच मिनिटांत वाचायची. अर्ध्या तासानं उमटलेली पुसट रेघ धरायची नाही. दोन-तीन दिवसांनी नवी पट्टी करायची. गरोदरपण तपासायच्या पट्टीचं सरकारी ‘निश्चय’ किट आशाताईंकडे फुकट मिळतं, पण गावातल्या मुलीला आशाताई म्हणजे शेजारच्याच काकू, ही अडचण खरीच आहे.

कच्ची पपई, तीळ, काढे यांनी गर्भ पडत नाही, आठवडे मात्र निघून जातात. मुळी, काडी किंवा काहीही आत घालण्यानं पिशवीला भोक पडतं, आतड्याला इजा होते, जंतू रक्तात जातात, धनुर्वात होतो. वाचलेल्या मुलींच्या नळ्या बंद होऊन पुढे मूल होत नाही. याला स्वस्त पर्याय म्हणणं म्हणजे थट्टा आहे, कारण सरकारी रुग्णालयात गर्भपात मोफत होतो.

तिथली सेवा कशी? हातपंपाची पद्धत म्हणजे एमव्हीए जिथे आहे तिथे चांगली. प्लास्टिकची ६० सीसीची सिरिंज आणि मऊ नळी, पिशवीच्या तोंडाला भूल, दहा-पंधरा मिनिटांचं काम, काही तासांनी घरी. बारा आठवड्यांपर्यंत चालते आणि काम त्याच दिवशी पुरं होतं. ज्या मुलीला घरी दहा दिवस रक्तस्राव लपवणं अशक्य आहे तिच्यासाठी गोळ्यांपेक्षा ही पद्धत सोयीची. खंत एवढीच की ‘क्युरेटिंग’ची, म्हणजे धातूच्या चमच्यानं पिशवी खरवडण्याची जुनी सवय अजून सुटलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नका म्हणते. डॉक्टरांना ‘एमव्हीए करता का?’ हे सरळ विचारावं. खासगी केंद्र असेल तर भिंतीवर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र आहे का ते पाहावं. नसेल तर तिथून उठावं.

वर्तणुकीला मात्र गुण कमी. सज्ञान मुलीला ‘नवऱ्याला घेऊन ये’, ‘आईची सही आण’ असं अजून सांगितलं जातं. १९७१च्या गर्भपाताच्या कायद्यात यातलं काही नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलीची एकटीची लेखी संमती पुरते, लग्न झालेलं असो वा नसो. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, वीस ते चोवीसमध्ये दोघांचं, आणि ते ठरावीक गटांसाठी. अल्पवयीन मुली आणि बलात्कारपीडित त्यात आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात अविवाहित स्त्रियांनाही त्यातून वगळता येणार नाही असं म्हटलं. नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. कायद्यातला पालक म्हणजे तिचा सांभाळ करणारी व्यक्ती. ती आईबापच असावी असं नाही, मुलगी आजीकडे किंवा मावशीकडे राहत असेल तर त्यांची सही चालू शकते. हे बऱ्याच रुग्णालयांतल्या कारकुनांना माहीत नसतं. याच्या जोडीला पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा येतो: अठराच्या आतल्या मुलीच्या गर्भधारणेची खबर पोलिसांना देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, मुलगी राजीखुशीनं म्हणत असली आणि लग्न झालेलं असलं तरी. याच भीतीनं मुली काउंटरकडे वळतात. पण वरच्याच निकालात न्यायालयानं सांगितलं आहे की मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर खबर देताना डॉक्टरनं तिचं नाव-पत्ता उघड करण्याची गरज नाही. ही विनंती लेखी द्यावी. घरातूनच अत्याचार होत असेल तर १०९८ वर फोन करावा. पोलिस केसमध्ये गर्भाचा नमुना डीएनएसाठी जपला जातो, म्हणून अशा वेळी घरी गोळ्या घेतल्या की पुरावाही जातो.

महाराष्ट्रात किटच्या विक्रीची कहाणी अंमळ वेगळी. २०१२ मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आल्यावर औषध प्रशासनानं दुकानांवर धाडी घातल्या आणि पुष्कळ मेडिकलवाल्यांनी हे पाकीट ठेवणंच सोडलं. रोख चुकीच्या औषधावर होता. गर्भाचं लिंग सोनोग्राफीत दिसायला बारा-तेरा आठवडे तरी जावे लागतात. हे पाकीट नवव्याच आठवड्यात संपतं. परिणाम असा झाला की चिठ्ठी घेऊन जाणाऱ्या बाईला उघडपणे मिळत नाही आणि ओळखीनं, कुरिअरनं, दुप्पट दरात, बिलाशिवाय मिळतं. कायद्यानं हे औषध फक्त नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकायचं आहे. पक्कं बिल, त्यावर बॅच नंबर आणि मुदत, आणि पाकिटावर तेच आकडे, एवढं जुळलं नाही तर ते पाकीट घेऊ नये.

नऊ आठवड्यांच्या आतली मुलगी आज कुठे जाईल? आमची पसंती तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला, तिथल्या किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री क्लिनिक’च्या समुपदेशकामार्फत. थेट ओपीडीच्या रांगेत उभं राहिलं की केसपेपरवरच सगळ्या गावाला कळतं. समुपदेशक असला की सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, संमतीचा फॉर्म एका माणसाच्या हातून होतं. त्रास एकच: वेळ सकाळची, म्हणजे शाळा-कॉलेज बुडवून जावं लागतं, आणि पद रिकामं असेल तर दाराला कुलूप. जाण्याआधी फोन करून विचारावं.

परत येताना हातात गर्भनिरोधक असायला हवं, कारण गोळ्यांनंतर आठ-दहा दिवसांतही बीज बाहेर पडू शकतं, म्हणजे पुढच्या पाळीची वाट पाहणं उशिराचं ठरतं. सरकारी दवाखान्यात कंडोम, माला-एन, तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’च्या गोळ्या मोफत मिळतात. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा. तिच्यात हार्मोन नाही, पण पाळी थोडी लांबते, ते आधी सांगितलेलं नसलं की मुली पुन्हा पट्टी आणायला धावतात.